फक्त अक्षरं तपासली

सासूबाईंनी सव्वीस वर्षं एकच काम केलं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो बारीक अक्षरांचा कागद असतो, जो एकदा उलगडला की पुन्हा तसा मिटत नाही आणि जो बहुतेक लोक न वाचता फेकून देतात, तो त्या वाचायच्या. छापायला जाण्याआधी, अक्षरन् अक्षर. त्यांच्या टेबलावर एक रबरी शिक्का होता, ‘अक्षरं तपासली’. दुसरा शिक्का, ‘मजकूर तपासला’, पलीकडच्या खोलीत औषधशास्त्र शिकलेल्या साहेबांच्या खणात कुलपात असायचा. गोळी दिवसातून दोनदा घ्यायची की तीनदा, हे साहेबांनी बघायचं. ‘दोनदा’ हा शब्द नीट छापलाय की नाही, हे सासूबाईंनी. मजकूर आपला नाही, अक्षरं आपली, असं त्या कामावर नव्याने आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायच्या, आणि सांगताना मान जरा ताठ व्हायची. त्यांच्या शिक्क्याखालून एकही चूक बाहेर गेली नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या. येताना मनाशी एक ठरवून आल्या होत्या, की जावयाच्या घरात नाक खुपसायचं नाही. जेवणात मीठ कमी पडलं तर गुपचूप घालून घ्यायचं, नळ गळत असला तर गळू द्यायचा, आणि जावयांच्या कामात तर मुळीच पडायचं नाही. हे सगळं त्यांनी पाळलंही. डोळे मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. दुधाच्या पिशवीवर, विजेच्या बिलावर, लिफ्टमधल्या सूचनेवर, जिथे म्हणून अक्षर तिथे त्यांना चूक दिसायची आणि अर्धा दिवस खराब जायचा.

जावई दिवसा एका कंपनीत नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात फुकटची नोकरी. फुकटची नोकरी म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रांना चालवणारं एक सॉफ्टवेअर. त्याला मालक नव्हता. दहा-बारा जण आपापल्या घरी बसून ते सांभाळायचे. कुणीही ते उघडून आत काय लिहिलंय ते बघावं, आपल्या यंत्रात घालावं, काही चुकलेलं दिसलं तर दुरुस्ती सुचवावी. लहान हॅचरीवाल्यांना, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांना, कंपन्यांची मोठी यंत्रं झेपत नाहीत. ते साधं यंत्र बांधून घेतात आणि हे सॉफ्टवेअर त्यात घालतात. सासूबाईंना हे समजायला आठवडा लागला, कारण फुकट आणि उघडं असूनही चांगलं असं काही असतं यावरच त्यांचा विश्वास बसेना.

एका रविवारी जावई टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा तसाच ठेवून जेवायला उठले. सासूबाई तिथे पाण्याचा तांब्या ठेवायला गेल्या आणि खिळल्याच. यंत्राला दिलेल्या आज्ञांच्या मधेमधे माणसांसाठी लिहिलेली वाक्यं होती. ही ओळ काय करते, हा आकडा इथे का आहे, वगैरे. यंत्र ती वाचत नाही, पुढे काम करणारा माणूस वाचतो. ते लोक त्यांना कॉमेंट म्हणतात, सासूबाई टिपा म्हणायला लागल्या. एका पानावर अकरा चुका होत्या. ‘तपमान’, ‘आद्रता’, ‘सेंकद’. त्या दिवशी सासूबाईंना जेवण गेलं नाही.

“सांग ना मग त्याला,” लेक म्हणाली.

“जावयांना मी शुद्धलेखन शिकवू? माझी जीभ झडेल.”

“मग दुरुस्ती पाठव. कुणीही पाठवू शकतं.”

लेकीला असल्या उचापती लहानपणापासून आवडतात. तिने आईला तिथे खातं उघडून दिलं. नाव काय घालायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘चष्मा’ घाल, कारण तो समोर पडला होता.

दोन महिने त्या घराच्या मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत दुरुस्त्या जात राहिल्या. जावई त्या मंजूर करायचे आणि जेवताना कौतुकही करायचे. “एक कुणीतरी चष्मा म्हणून आलाय. नजर काय आहे बघा त्याची. बहुतेक निवृत्त प्राध्यापक असावा.” सासूबाई ताटात बघत राहायच्या. शेवटी एकदा लेकीला ठसका लागला आणि सगळं बाहेर पडलं.

जावयांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, “आई, मागच्या आठवड्यात मी तुम्हाला ‘घाई करू नका’ असं लिहिलं होतं.”

“बरोबरच लिहिलं होतंत,” सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर चोरून करायची गरज उरली नाही. सासूबाईंना स्वतःची खुर्ची मिळाली, लेकीचा जुना लॅपटॉप मिळाला, आणि गटात परवानगीही मिळाली, की टिपांमधल्या शुद्धलेखनाला त्यांनी कुणाला न विचारता हात लावावा. सगळ्यात जास्त चुका काकांच्या होत्या. काका म्हणजे हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा लिहिणारे गृहस्थ. मूळचे कोंबड्या पाळणारे, डोकं तल्लख, शुद्धलेखन मात्र घरचं. पाच वर्षांपूर्वी ते यातून अंग काढून घेऊन आपल्या कोंबड्यांकडे परत गेले होते. सेकंदाला ते कायम सेंकद लिहायचे. सासूबाईंनी एकेक फाइल हातात घेतली आणि वर्षभरात तेराशे दुरुस्त्या केल्या. सगळ्या टिपा आता एका हाताने लिहिल्यासारख्या दिसायला लागल्या. जुनं कुठलं, नवं कुठलं ओळखू येईना, आणि सासूबाईंना समाधान होतं ते याचंच.

त्याच सुमाराला गटात मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात बारा अंडी उबवून दाखवायची म्हणून त्यांनी हे सॉफ्टवेअर घेतलं, आत काय आहे ते बघायला म्हणून पन्नाशीनंतर प्रोग्रॅमिंग शिकले आणि तिथेच रमले. ते सासूबाईंना ताई म्हणायचे. एकदा त्यांनी लिहिलं, “ताई, इतरांच्या फाइली मी दोनदा वाचतो. तुमचा हात फिरलेली असली की डोळे मिटून विश्वास ठेवतो.” सासूबाईंनी हे लेकीला दाखवलं, जावयांना दाखवलं, आणि शेजारणीलाही वाचून दाखवलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तिने मान डोलावली.

थंडीच्या सुरुवातीला एका हॅचरीवाल्या बाईंचं पत्र आलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली होती, त्यांनी लिहिलं होतं. सोमवारी दहा मिनिटं वीज गेली. परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू झालं, पडद्यावर तापमान साडेसदतीस, सगळं ठीक. एकविसाव्या दिवशी चार हजार अंड्यांतून साठ पिल्लं निघाली आणि त्यातली निम्मी पायावर उभी राहिली नाहीत. उरलेली अंडी फोडून बघितली. आत पिल्लं होती, मेलेली. काय झालं ते मला सांगा. पत्रात एक शब्द रागाचा नव्हता आणि म्हणूनच ते वाचवत नव्हतं.

काय झालं ते जावयांना दोन दिवसांत सापडलं. वीज आली की तापमान मोजणारा सेन्सर आधी स्वतः गरम व्हावा लागतो. तोवर तो खरं असेल त्यापेक्षा कमी तापमान सांगतो. म्हणून सॉफ्टवेअर थोडा वेळ थांबतं, मग पहिलं माप घेतं आणि त्याच्या आधाराने पुढची सगळी मापं लावतं. थांबायची वेळ होती २४० सेकंद. नव्या आवृत्तीत ती ४० झाली होती. चाळीस सेकंदांनी घेतलेलं माप दोन अंशांनी कमी, म्हणून यंत्राने अंडी दोन अंश जास्त तापवली आणि पडद्यावर मात्र साडेसदतीसच दाखवलं. हा बदल मास्तरांनी केला होता.

मास्तरांनी तो काही झोपेत केला नव्हता. त्या आकड्याच्या वर टीप होती, ‘सेन्सर गरम व्हायला ४० सेकंद लागतात.’ खाली आकडा २४०. मास्तरांना वाटलं, कुणाच्या तरी हातून जास्तीचा २ पडलाय. बदलाबरोबर त्यांनी कारणही लिहिलं होतं: “टीप नुकतीच तपासलेली आहे, म्हणून ती बरोबर धरून आकडा दुरुस्त केला.”

गटातले सगळे मास्तरांवर तुटून पडले. कुणी लिहिलं, शिकाऊ माणसाला आकड्यांना हात लावू देऊ नये. कुणी लिहिलं, ही शाळेतली प्रयोगवही नाही. मास्तरांनी एकच उत्तर दिलं: “चूक माझी आहे. अहवाल आला की मी बाजूला होतो.” असा काही अपघात झाला की अहवाल लिहायची या लोकांत पद्धत आहे. काय झालं, कशामुळे झालं, कुणाच्या हातून झालं. तो सगळ्यांना वाचता येतो आणि कायमचा राहतो. मास्तरांचं नाव त्यात एकदा बसलं की ते तिथून पुसता येणार नव्हतं. अहवाल जावई लिहिणार होते.

‘नुकतीच तपासलेली’ हे शब्द सासूबाईंना टोचत राहिले. कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला आणि कधी, हे दाखवणारी एक आज्ञा असते. या गटात तिला ‘खापर’ म्हणतात. सासूबाईंनी ती त्या फाइलीवर चालवली. आकड्याच्या ओळीपुढे मास्तरांचं नाव होतं. टिपेच्या ओळीपुढे होतं ‘चष्मा’, याच वर्षीचा मार्च.

त्यांनी मागच्या नोंदी एकेक उघडल्या. टीप काकांची, सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा सेन्सर वेगळा होता, त्याला खरोखरच चाळीस सेकंद पुरायचे. चार वर्षांपूर्वी नवा सेन्सर आला, जावयांनी आकडा वाढवून २४० केला आणि टिपेला हात लावला नाही. ती तशीच पडून राहिली, आपल्या ‘सेंकद’सकट. सेंकद म्हणजे काकांच्या काळातलं, त्यावर विसंबायचं नाही, हे गटातल्या जुन्या लोकांना न सांगता कळायचं. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण जिच्यावर धूळ आहे त्या वस्तूला खूप दिवसांत कुणी हात लावलेला नाही हे जसं दिसतं, तसं ते दिसायचं. मार्चमध्ये सासूबाईंनी धूळ पुसली. ‘सेंकद’चं ‘सेकंद’ केलं. खोटी झालेली टीप धुऊनपुसून, आपलं नाव आणि ताजी तारीख लावून समोर ठेवली.

त्यांनी ती दुरुस्ती पुन्हा बघितली. ती बरोबर होती, आणि हीच तर पंचाईत होती. चूक असती तर निदान चूक झाली असं म्हणता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जावयांनी अहवाल छापून त्यांच्या हातात दिला, कारण त्यांना कागदावर बरं वाचता येतं. “आई, नेहमीसारखी अक्षरं तेवढी बघा. संध्याकाळी टाकायचाय.”

सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लाल पेन घेऊन बसल्या. दुसऱ्याच परिच्छेदात ते वाक्य होतं. ‘एका जुन्या, दुर्लक्षित टिपेवर विसंबून आणि शहानिशा न करता मास्तर यांनी आकडा बदलला.’ त्यांनी पुढे वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चष्मा कुठेच नव्हता. मार्च महिना नव्हता. टीप जुनी होती हे खरं, पण मास्तरांपुढे ती जुनी म्हणून आली नव्हती, आणि हे जावयांना माहीत नसेल असं होणं शक्य नव्हतं.

लेक भांडी पुसत होती. तिने आईचं तोंड बघितलं आणि फडकं खाली ठेवलं.

“तो तुझ्यासाठीच करतोय, आई. तुझं नाव घातलं की ते सगळे तुझ्या मागे लागतील. तुला कुणी एक शब्द बोललेला त्याला खपणार आहे का?”

“मास्तरांना बोललेला खपतो?”

“मास्तर काय आपले नातेवाईक आहेत?” लेक म्हणाली, आणि तिचं तिलाच ते बरं वाटलं नाही. “आणि तू केलंस काय? शुद्धलेखन सुधारलंस. आकड्याला बोटसुद्धा लावलं नाहीस. मजकूर आपला नाही, हे तूच सांगायचीस ना?”

सांगायच्याच. सव्वीस वर्षं सांगितलं होतं. पण तिथे शिक्के दोन होते, दोन खोल्यांमध्ये, आणि कुठला कुणाचा हे शिपायालाही माहीत होतं. इथे शिक्का एकच. तो अक्षरांचा आहे की मजकुराचा, हे समोरच्याने ओळखायचं कसं? मास्तरांना वाटलं, ताईंनी तपासलंय म्हणजे सगळंच तपासलंय. आणि तसं वाटलेलं ताईंना वर्षभर आवडलं होतं. शेजारणीला वाचून दाखवण्याइतकं आवडलं होतं.

त्यांना भीती वाटत होती. चार हजार अंडी हा आकडा त्यांच्या छातीवर बसला होता. त्यात जावयाच्या घरात राहायचं, त्याचंच खायचं, आणि त्याने आपल्याला वाचवायला लिहिलेला कागद त्याच्याच हातात परत ठेवायचा. याने त्यांना कसंसंच होत होतं. त्यांनी तासभर काहीच केलं नाही. नळ गळत होता तो ऐकत बसल्या. मग उठल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

“झालं?” जावयांनी विचारलं.

“वाचला. एकही खूण केलेली नाही.”

“एकही चूक नाही?”

“सात आहेत. मी त्या काढल्या की कागद चकचकीत होईल आणि लोक डोळे मिटून विश्वास ठेवतील. हे मी एकदा केलंय.”

जावयांनी खुर्ची मागे सरकवली. “आई, तुमचं नाव मी मुद्दामच घातलं नाही.”

“माहीत आहे मला. तुम्ही मला झाकलंत. पण त्यासाठी मास्तरांच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलंत.”

जावयांनी कागद घेतला आणि ते वाक्य वाचत राहिले. इतकं लहान वाक्य वाचायला इतका वेळ लागत नाही.

“मग माझंही घालावं लागेल,” ते म्हणाले. “आकडा वाढवला तेव्हा मी टीप वाचलीसुद्धा नव्हती. आणि मास्तरांचा बदल मंजुरीला माझ्याकडेच आला होता. मी खापर चालवून बघितलं. चष्मा दिसलं, आणि मंजूर करून टाकलं. दहा सेकंद लागले असतील.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा सासूबाईंच्या ध्यानात आलं, की त्या अहवालात फक्त सासूलाच वाचवलेलं नव्हतं. त्या ते बोलून दाखवणार नव्हत्या. सासू-जावयांत काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या असतात. त्यांनी खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, “चला, लिहू या.”

संध्याकाळी अहवाल बाहेर गेला. त्यात काकांची टीप होती, जावयांनी न वाचलेली. चष्म्याचा मार्च होता, मास्तरांचा बदल होता, आणि शेवटी पुन्हा जावई, दहा सेकंदांत मंजुरी देणारे. सात चुका काढलेल्या होत्या. एकाने तिखट काहीतरी लिहिलं, दुसऱ्याने त्याला गप्प केलं, बाकीच्यांनी मुकाट्याने वाचलं. शिकाऊ माणसाबद्दल बोलणारे तर दिसेनासेच झाले.

मास्तरांनी सासूबाईंना वेगळं पत्र लिहिलं. “ताई, मला सुटका नको होती.”

“सुटका नाही, वाटणी आहे,” सासूबाईंनी उत्तर दिलं. “तुमचा वाटा घेऊन गटातच राहा.”

मास्तर राहिले. सासूबाईंनी त्या दिवसापासून आपल्या प्रत्येक दुरुस्तीखाली तीन शब्द लिहायला सुरुवात केली: ‘फक्त अक्षरं तपासली’. इथवर सगळं रीतसर झालं. पण हॅचरीवाल्या बाईंना अहवालाचा दुवा पाठवून मोकळं व्हावं, हे त्यांना पटेना. पत्राखाली फोन नंबर होता. त्यांनी तो लावला, आपण कोण ते सांगितलं आणि टिपेला शेवटचा हात आपला होता हेही सांगितलं.

“वाचलं मी,” बाई म्हणाल्या. आवाज वाटला होता त्यापेक्षा तरुण होता. “आता आकडा काय घातलाय?”

“दोनशे चाळीस. पहिल्यासारखा.”

“तो कुणी मोजला?”

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि जावयांना विचारलं. जावई म्हणाले, सेन्सरच्या खोक्यात एक घडीचा कागद येतो, त्यात दिलाय.

“खोक्यातल्या कागदात दिलाय,” सासूबाई म्हणाल्या. तो कागद कसा असेल, त्यावरची अक्षरं किती बारीक असतील, हे त्यांना न बघता दिसत होतं. कुणीतरी बाई कुठेतरी बसून त्याची अक्षरं तपासत असेल, हेही.

पलीकडे बाईंनी दार लावलं, कोंबड्यांचा आवाज बारीक झाला.

“म्हणजे तुम्ही सगळे वाचताच,” बाई म्हणाल्या. “एकाने वाचून आकडा घातला, दुसऱ्याने वाचून बदलला, तुम्ही वाचून शुद्ध केलं. मोजलं कुणीच नाही.”

“मी येऊ का?” सासूबाईंनी विचारलं.

“घड्याळ घेऊन या.”

शनिवारी सकाळी जावयांनी गाडी काढली. मास्तर दुसऱ्या बाजूने बसने आले. त्यांनी आणि सासूबाईंनी एकमेकांना वर्षभर पत्रं लिहिली होती आणि आज पहिल्यांदा बघत होते. मास्तर उंच निघाले, आणि त्यांचा चष्मा सासूबाईंपेक्षा जाड. नमस्कार झाला, पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. दाराशी जंतुनाशक पाण्याचं पसरट घमेलं होतं. त्यात चपला बुडवून आत जायचं, असं बाईंनी हातानेच दाखवलं. पायांत गमबूट, बाह्या दुमडलेल्या. खोली धुऊन काढलेली होती, फरशीवरून गारवा वर येत होता. भिंतीशी रिकाम्या ट्रेंची चळत. मधोमध कपाटाएवढं यंत्र, आत एकही अंडं नाही.

“सकाळपासून रिकामंच तापवून ठेवलंय,” बाई म्हणाल्या.

यंत्राच्या काचेच्या खिडकीतून आत टांगलेला साधा तापमापक दिसत होता. त्यावर साडेसदतीस. सेन्सरची डबी यंत्राच्या बाहेरच्या अंगाला, गार हवेत. बाईंनी मुख्य बटण बंद केलं, दहा मिनिटं थांबल्या आणि पुन्हा लावलं. मास्तरांनी वहीत तीन रकाने आखून ठेवले होते. जावई लॅपटॉपवर सेन्सरचा आकडा वाचणार, बाई खिडकीतून तापमापक वाचणार. सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर घेतलं आणि सेकंद मोठ्याने म्हणायला लागल्या.

चाळीसला सेन्सर म्हणाला साडेपस्तीस. मास्तरांनी तो लिहिला. लिहिताना त्यांचं पेन क्षणभर अडलं, पण कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सव्वाशे, दीडशे, दोनशे. सासूबाईंचा घसा सुकला तरी त्या थांबल्या नाहीत. दोनशे चाळीसला जावयांनी बोट वर केलं, मग पडद्याकडे बघून ते खाली घेतलं.

“सदतीस पूर्णांक एक,” ते म्हणाले.

“काचेत साडेसदतीस,” बाई म्हणाल्या.

सासूबाई मोजत राहिल्या. दोनशे सत्तरला सदतीस पूर्णांक तीन. तीनशेला सदतीस पूर्णांक चार. दोन्ही आकडे जुळले तेव्हा घड्याळात तीनशे तीस झाले होते.

मास्तरांनी खाली रेघ मारली. बाई अजून खिडकीतूनच आत बघत होत्या.

“थंडीत माझी पिल्लं नेहमीच कमी निघतात,” त्या म्हणाल्या. “चार वर्षं झाली. मला वाटायचं, अंडीच वाईट येतात. दोनदा तर ज्यांच्याकडून अंडी घेते त्यांच्याशी भांडले.”

चार वर्षं म्हणजे नवा सेन्सर आल्यापासून. दर थंडीत वीज जाऊन आली की यंत्र अंडी थोडी जास्तच तापवत आलं होतं. मास्तर गटात यायच्या आधीपासून, चष्मा यायच्या आधीपासून. कागदात बरोबर छापलेला, टिपेत नसलेला, कुणीही मोजून न बघितलेला २४०. जावयांनी लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटलं, पुन्हा उघडलं. “त्यांना मी फोन करीन,” ते म्हणाले. “अंडीवाल्यांना.” बाईंनी नुसती मान हलवली.

सासूबाईंनी मास्तरांच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि गुडघ्यावर ठेवून नवी टीप लिहिली. ‘थंड खोलीत सेन्सर गरम व्हायला ३३० सेकंद लागले. घड्याळ लावून मोजले’. खाली चौघांची नावं घातली. मास्तरांनी ती वाचली, दोनदा वाचली, आणि जरा संकोचून म्हणाले, “ताई, शेवटचा पूर्णविराम राहिलाय.” सासूबाईंनी तो दिला.

बाईंनी कोपऱ्यातल्या खोक्यांतून अंड्यांचा पहिला ट्रे भरून आणला होता. तो दोन्ही हातांत धरून त्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या.

“मग लावू का?”

जावई सासूबाईंकडे बघायला लागले, मास्तरही. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तो पलीकडच्या खोलीत जायचा.

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “एकदाच मोजलंय. बंद करा, पुन्हा मोजू.”

बाईंनी ट्रे खाली ठेवला. भिंतीशी पडलेलं स्टूल ओढून सासूबाईंच्या शेजारी मांडलं आणि मुख्य बटण बंद केलं. आता दहा मिनिटं थांबायचं होतं, म्हणून सगळे बसले.